जुन्या एमटीबीचे किती येतील? बिल बाजूला ठेवा, आधी चेन मोजा

आमच्या सोसायटीत मी उगाचच सायकलवाला म्हणून फेमस आहे, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी पार्किंगमध्ये गाठतं आणि विचारतं, "अरे, मुलाची ती गिअरची सायकल नुसती पडून आहे, किती येतील रे तिचे?" आणि मी सायकलकडे बघायच्या आतच पुढचं वाक्य ठरलेलं, "अठ्ठावीस हजाराला घेतली होती हां!" इथेच सगळा घोळ सुरू होतो, कारण घेणाऱ्याला तुमच्या अठ्ठावीस हजारांशी काहीही देणंघेणं नसतं. त्याच्या डोक्यात दोनच आकडे असतात, एक म्हणजे अशीच नवी आज कितीला मिळते, आणि दुसरा, ही पडीक सायकल रस्त्यावर आणायला मला वरून किती घालावे लागतील. तुम्हीही हेच दोन आकडे काढा, तुमचा अंदाज सहसा हजार-पाचशेच्या पलीकडे चुकत नाही.

मागच्या वर्षी आमच्या बी विंगमधल्या काकांची सायकल विकून दिली, तिचंच उदाहरण धरून सांगतो. २०१४ ची अल्युमिनियमची एमटीबी (म्हणजे माउंटन बाइक, डोंगराळ रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल), २६ इंची चाकं, पुढे तीन मागे आठ असे २४ गिअर, दोन्हीकडे वायरवाले डिस्क ब्रेक. मुलगा बारावीपर्यंत चालवत होता, मग बाहेरगावी गेला आणि सायकल जिन्याखाली.

आधी नवीची किंमत. तेच मॉडेल बहुतेक बंद झालेलं असतं, म्हणून मॉडेलचं नाव शोधत बसू नका, तसेच पार्ट असलेली नवी सायकल शोधा, म्हणजे तेवढेच गिअर, तसाच ब्रेक, तसाच पुढचं चाक धरणारा शॉकअपवाला चिमटा. आणि आजचा भाव बघा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. आधी २५ हजाराला मिळणारी सायकल कंपनीने पूर्ण फायदा पुढे दिला तर साडेतेवीसच्या आसपास येते, म्हणजे तुम्ही काहीही न करता तुमच्या जुनीचेही थोडे पैसे कमी झाले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेल्यांची तर अजूनच पंचाईत, तेव्हा दुकानात सायकलीच शिल्लक नव्हत्या, जी मिळेल ती लोकांनी एक रुपया डिस्काउंट न मागता उचलली, आणि त्यातल्या कितीतरी सहा महिन्यांत गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागल्या. ते बिल दाखवून आता भाव सांगितला तर समोरचा फक्त हसतो.

मग सायकल नेमकी कुठल्या दर्जाची आहे ते वाचायचं. हो, वाचायचंच, सगळं सायकलवरच लिहिलेलं असतं. शिमानो या जपानी कंपनीचे एमटीबी पार्ट असतील तर खालून वर चढता क्रम असा: टूर्नी, अल्टस, अ‍ॅसेरा, अलिव्हिओ, डिओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. मागच्या चाकाजवळ लोंबणाऱ्या डिरेलरवर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो पार्ट) हे नाव असतं. पण तेवढंच बघून खूश होऊ नका, कंपन्यांना माहितीय की गिऱ्हाईक तिथेच बघतं, म्हणून बऱ्याच सायकलींना मागचा डिरेलर एक पायरी वरचा आणि शिफ्टर (गिअर बदलायची कळ), क्रँक (पेडलचे दांडे) खालच्या पायरीचे लावलेले असतात. हँडलवरच्या शिफ्टरचंही नाव बघा आणि दोन्हीतलं खालचं धरा. काकांच्या सायकलला मागे अ‍ॅसेरा, शिफ्टर अल्टस. म्हणजे अल्टस.

आणखी एक घरगुती टेस्ट म्हणजे फ्रिजवरचं लोहचुंबक. फ्रेमला लावून बघा, चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर बहुतेक अल्युमिनियम. हे सांगायचं कारण, पेठेतल्या दुकानात मिळतात त्या झगझगीत स्टिकरवाल्या, मध्ये मोठी स्प्रिंग लावलेल्या डबल शॉकअपच्या सायकली. त्या दिसतात एकदम टीव्हीतल्या सायकलसारख्या पण वजन वीस किलोच्या घरात आणि ती मधली स्प्रिंग फक्त तुमच्या पायातली ताकद खाते. चुंबक चिकटलं आणि सायकल मुळात सात-आठ हजाराचीच असेल तर हा पूर्ण हिशोब करत बसू नका, चालू असेल तर दीड-दोन हजार, बंद असेल तर वॉचमनच्या मुलाला द्या, तो दुवा देईल.

ब्रेकमध्ये साधे रबरवाले, मग वायरवाले डिस्क, मग ऑइलवाले हायड्रॉलिक अशी चढती भाजणी. ऑइलवाले असले की भाव वाढतो, पण फक्त चालू असतील तर. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर आत हवा शिरलीय, किंवा ऑइल गळतंय. चिमट्याचंही तसंच, बहुतेक मध्यम सायकलींना आत साधी स्प्रिंग असते, हवेवर चालणारा चिमटा असेल तर तुमची सायकल वरच्या वर्गातली, तेव्हा हवा भरायचा व्हॉल्व्ह दिसतोय का ते टोपण काढून बघा.

आता २६ इंच. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही पण साधारण २०१४ नंतर मोठ्या कंपन्यांनी चांगल्या एमटीबीत २६ ची चाकं जवळपास बंद केली, सगळा माल साडेसत्तावीस आणि २९ वर गेला. २६ चे साधे टायर-ट्यूब आपल्याकडे गल्लीत मिळतात, त्यामुळे रोजच्या वापराला काही अडत नाही, पण जो हौशी सायकलिंग करतो, टेकडीवर चढवतो, तो २६ बघून फोनच करत नाही. शिवाय जुन्या फ्रेमचं डोकं, म्हणजे चिमटा जिथे आत जातो ती हँडलखालची नळी, सरळ असतं आणि आताचे बहुतेक चांगले चिमटे खाली जाड होत जाणाऱ्या नळीचे येतात, म्हणजे "नंतर भारी चिमटा टाकून घे की" हे सांगायचीही सोय राहत नाही. जुनी आहे म्हणून व्हिंटेज, असंही काही नाही हं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडत या खेळाची सुरुवात केली, त्या काळातल्या सायकली लोक जपतात. तुमची २०१४ ची नुसती जुनी आहे.

वयाचा माझा हिशोब साधा आहे. चालू स्थितीतली सायकल एका वर्षात आजच्या नवीच्या ६५ ते ७० टक्क्यांवर येते, दोन-तीन वर्षांनी निम्म्यावर, चार-पाच वर्षांनी ४० वर, आणि सात-आठ वर्षांनंतर २५ ते ३० वर येऊन थांबते. त्यापुढे वय कुणी विचारत नाही, फक्त हालत बघतात. हे काही कुठल्या सरकारी तक्त्यात नाहीये, इतक्या वर्षांत जे व्यवहार बघितले त्यावरून बसलेला अंदाज आहे. अमेरिकेत बायसिकल ब्लू बुक म्हणून साइट आहे, तिथे मॉडेल टाकलं की जुनीचा भाव निघतो, पण तिकडचा डॉलरमधला आकडा रुपयात करून इकडे मागू नका, माझ्या एका मित्राने हे केलंय, त्याची सायकल अजून त्याच्याकडेच आहे.

खरी मजा पुढे आहे, तपासणीत. एक फडकं, एक स्टीलची फूटपट्टी आणि अर्धा तास लागतो.

सगळ्यात आधी फ्रेम, कारण इथे नापास झाली तर बाकीचं बघायचं कारण नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि तीन जागा नीट बघा: हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या जोडल्यात तिथलं वेल्डिंग, पेडलच्या धुऱ्याच्या आजूबाजूचा भाग, आणि सीटची नळी जिथे फ्रेममध्ये घुसते ती कड. केसासारखी रेघ दिसली तर त्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर बहुतेक रंगाचा ओरखडा आहे, अडकलं तर ती चीर धरूनच चाला. "वेल्डिंग मारून घेऊ" हा विचार डोक्यातून काढा, अल्युमिनियमची फ्रेम भट्टीत तापवून कडक केलेली असते, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने टाका मारला की तिथली ताकद जाते आणि उतारावर ती कधी तुटेल सांगता येत नाही. चीर असलेली सायकल म्हणजे फक्त पार्टची किंमत, आणि घेणाऱ्याला ते स्पष्ट सांगायचं.

मग चेन. नव्या चेनची प्रत्येक पिन पुढच्या पिनपासून बरोबर अर्ध्या इंचावर असते, म्हणजे फूटपट्टीचा शून्य एका पिनच्या मधोमध ठेवला की तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर आली पाहिजे. चेन झिजली की ही पिन पुढे सरकते. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, एक सूत सरकली असेल तर चेनने मागचे दातेही खाल्लेत, नवी चेन टाकली तरी ती जुन्या दात्यांवरून उडणार, म्हणजे कॅसेटचाही (मागच्या दातेरी चक्रांचा संच) खर्च धरा. काकांना मी हे दाखवत होतो तेव्हा ते चष्मा कपाळावर सारून पायरीवर बसले, पट्टी स्वतः धरली आणि म्हणाले, "अरे ही तर बरोब्बर बारा आहे, जरासा केसभर पुढे." म्हणजे सायकल चाललेलीच नव्हती फारशी. पण तीच चेन मी हातात घेऊन वाकवली तर मधल्या पाच-सहा कड्या गंजून ताठ, वाकायलाच तयार नाहीत. तेव्हा झीज नाही तरी चेन गेली, कॅसेट मात्र वाचली. पडून राहिलेल्या सायकलीचं हे असंच असतं, वापराने कमी आणि पावसाळी दमटपणाने जास्त मरते. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत राहिलेली असेल तर स्पोकच्या टोकांना आणि सगळ्या स्क्रूंना आधी बघा, वरून चकचकीत आणि आतून गंज असा प्रकार तिथे कॉमन आहे.

टायर बाजूने दाबून बघा, नक्षी शाबूत असली तरी कडेला बारीक भेगा पडल्या असतील तर रबर वाळलंय, दोन्ही बदलायचे. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकजवळची फट बघत राहा, एका बाजूला झुकत असेल तर आऊट आहे, पण आऊट काढायला दीडदोनशे लागतात त्यामुळे घाबरायचं कारण नाही, रिमला ठोकर बसून खड्डा पडला असेल तर मात्र वेगळं. चाक वरून धरून डावी-उजवीकडे हलवा, डुगडुगलं तर हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) कोन ढिले किंवा छर्रे गेले. पेडलचे दांडे धरून आडवे हलवा, खटखट झाली तर खालचं बेअरिंग. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला, हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे तिथलं बेअरिंग. या सगळ्या गोष्टी मिळून पाच मिनिटं.

चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवा, गंजाचे ठिपके किंवा ओरखडे असतील तर आतलं सील गेलेलं असणार. वरून पूर्ण वजन टाकून दाबा, खाली जाऊन परत वर येतोय का बघा. जाम झालेला चिमटा म्हणजे मोठी वजावट, कारण नवा टाकायचा तर तोच चार-पाच हजारांचा आणि मग एवढ्या जुन्या सायकलीत तो घालायचा कशाला.

आणि एक जागा जी सगळे विसरतात, सीटची दांडी. क्लिप ढिली करून वरखाली होतेय का बघा. अल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षं न हलवता ठेवली की फ्रेमच्या आत धरून बसते, इतकी की दोन माणसं लागून निघत नाही. दांडी अडकली की सायकल फक्त एकाच उंचीच्या माणसाला विकता येते, म्हणजे दहा गिऱ्हाइकांतले सात आपोआप गेले. काकांची दांडी निघाली, पण तेलपाणी करून वीस मिनिटं झटापट झाल्यावर. हँडलच्या ग्रिप मात्र चिकट होऊन हाताला काळा गूळ लागावा तशा झाल्या होत्या.

मग हिशोब केला, जिन्यातच, काकांच्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. तशाच पार्टची नवी साधारण २६ हजारांत मिळत होती. ३० टक्के धरले तर ७,८००. २६ इंची म्हणून एक हजार कमी, राहिले ६,८००. चेन ८००, दोन्हीकडचे टायर-ट्यूब मिळून १,९००, वायरी, ग्रिप आणि सर्व्हिसिंग ९००, एकूण ३,६००. हे आमच्या भागातले अंदाजे भाव आहेत, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. ६,८०० मधून ३,६०० गेले, उरले ३,२००.

काका दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन हजार? अरे ऑनलाइन अशीच एक बारा हजाराला लावलीय कुणीतरी." लावलीय, विकली नाहीये काका! जाहिरातीत दिसतात त्या लोकांच्या इच्छा, व्यवहार वेगळे. जी जाहिरात दोन महिने तशीच पडून आहे तिचा भाव चूक आहे एवढंच तिच्यावरून कळतं. आपल्या शहरातल्या, आपल्यासारख्या आठ-दहा सायकली लिहून काढा, सगळ्यात वरच्या दोन आणि सगळ्यात खालच्या दोन सोडा, मधल्यांवरून १५-२० टक्के उतरवा. शिवाय आठवड्याने परत बघा कुठल्या जाहिराती गायब झाल्या, त्यांचा भाव खऱ्याच्या जास्त जवळ. हा आकडा आणि मघाचा हिशोब जवळपास आले तर ठीक, फार लांब असतील तर बहुतेक तुम्ही पार्टचा दर्जा चुकीचा वाचलाय.

विकायच्या आधी दुरुस्ती करून घ्यावी का, हे सगळे विचारतात. माझं मत, नाही. तुम्ही १,९०० चे टायर टाकले तर गिऱ्हाईक १,९०० जास्त देत नाही, फार तर हजार देईल, कारण त्याला दुसऱ्याच नक्षीचे हवे असतात. पण धुणं, ट्यूबमध्ये हवा, चेनला तेल आणि ब्रेक लागतील एवढं करायचंच, कारण जी सायकल गिऱ्हाईक जागेवर एक चक्कर मारून बघू शकतं तिची आणि जी हातात धरून ढकलावी लागते तिची बोलणीच वेगळी होतात. आम्ही पंक्चरवाल्याकडून फक्त ट्यूब ठीक करून घेतल्या, गंजलेली चेन रात्रभर डिझेलमध्ये ठेवली, अडखळत का होईना फिरायला लागली. तिच्याबद्दल येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगितलं की ही बदलावी लागेल, भाव ते धरूनच आहे. असं सांगितलं की माणूस बाकीचे दोष शोधायचं जरा कमी करतो हे माझं निरीक्षण.

गिऱ्हाईक कोण आहे त्यावरही बरंच ठरतं. हौशी रायडर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत शोधतो, त्याला पार्टची नावं, चाकाची आणि फ्रेमची साइज हवी असते, ती लिहिलीच नाही तर तो पुढे जातो. पावसाळ्यात हा माणूस गायब, पण तेव्हाच कॉलेजं सुरू होतात आणि पुण्यात होस्टेलला आलेली मुलं साधी चालणारी, स्वस्तातली सायकल शोधत असतात, त्यांना अ‍ॅसेरा की अल्टस याने काही फरक पडत नाही, कुलूप देताय का एवढंच विचारतात. काकांची २६ इंची सायकल या दुसऱ्या गिऱ्हाइकाची, म्हणून जुलैपर्यंत थांबलो. फोटो चेनच्या बाजूने, उजेडात, पाठीमागे नुसती भिंत, आणि गंज असेल तिथलाही एक. हेल्मेट, बॉटल, लाइट यांचे पैसे वेगळे मागू नका, कुणी देत नाही, ते शेवटच्या पाचशेवर गाडी अडली की "चला, हे वर टाकतो" म्हणायला ठेवायचे.

किंमत लावताना हिशोबापेक्षा २०-२५ टक्के वर लावा, घासाघीस होणारच. आम्ही ४,००० लावले. पहिल्याच दिवशी "लास्ट किती" असे सहा मेसेज, त्याला उत्तर एकच, "येऊन बघा, मग बोलू." एक जण तर न बघताच पूर्ण पैसे द्यायला तयार, मी फौजी आहे, बदली झालीय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, एवढं घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा, आणि कुणाचे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. चक्कर मारायला देताना त्याच्या बाइकची किल्ली हातात घ्यायची, यात लाजायचं काही नाही.

शेवटी एक पहिल्या वर्षाचा मुलगा मित्राला घेऊन आला, मित्र चेन बघून तोंड वाकडं करत होता, मुलगा मात्र पार्किंगमध्ये तीन चकरा मारून आला आणि ३,५०० म्हणाला. काका ४,००० वर. ३,७०० ला जमलं, हेल्मेट आणि कुलूप वरून. सायकल उलटी करून पेडलच्या धुऱ्याखाली ठोकलेला फ्रेम नंबर वाचला, तो, तारीख आणि दोघांची नावं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या आणि फोटो काढून ठेवला, मूळ बिलाची झेरॉक्सही त्याला दिली, म्हणजे उद्या कुणी चोरीची आहे का विचारलं तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असेल. पंप मात्र काकांनी दिला नाही. एमटीबीच्या ट्यूबला मोटारवाला व्हॉल्व्ह असतो ना, तोच पंप त्यांच्या स्कूटरला चालतो.